घरात घेतलेल्या कढीपत्त्याने माना टाकल्यात, मदत हवी आहे

नमस्कार. मी टोरांटोजवळ राहते. माझ्याकडे कुंडीतला सहा वर्षांचा कढीपत्ता आहे. स्कारबरोच्या एका तमिळ दुकानातून वीतभर रोप आणलं होतं, आता माझ्या खांद्याला लागतो. उन्हाळाभर बाल्कनीत असतो. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरायला लागला की आत घेते. यंदाही सप्टेंबरअखेर आत घेतला आणि त्याच वेळी १० इंची कुंडीतून १६ इंचीत हलवला.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं. गेले तीन आठवडे पानं लोंबतायत. वाळलेली, कुरकुरीत नाहीत. देठापासूनच खाली झुकतात, हाताला मऊ आणि गार लागतात. खालची पिवळी होऊन गळतायत. शेंड्याची अजून हिरवी आहेत पण मलूल. दोन कोवळे कोंब काळे पडले.

आधी पाच दिवसांनी एकदा तांब्याभर पाणी घालत होते. पानं सुकलेली दिसल्यावर तहानलाय असं समजून रोज घालायला लागले. खिडकी दक्षिणेची आहे, शिवाय सकाळी सहा ते रात्री आठ ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) लावते. हीटिंगची जाळी कुंडीपासून दोन फुटांवर आहे. आईच्या सांगण्यावरून एकदा आंबट ताकही घातलं.

गेल्या हिवाळ्यातही पानं गळली होती, पण तेव्हा झाड असं खचलं नव्हतं. मुलगी लहान असल्यापासून फोडणीसाठी पानं तीच तोडून आणते. आता ती रोज विचारते, जगेल ना? कृपया सांगा, काय करू?

प्रतिसाद १

ताई, आज पाणी अजिबात घालू नका. आधी तीन गोष्टी बघा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, ओल लागते का? कुंडी कडेला धरून उचला, जड आहे का? आणि कुंडी दुसऱ्या शोभेच्या कुंडीत ठेवलीय का? ठेवली असेल तर बाहेरच्या कुंडीच्या तळाशी काय आहे ते पाहून सांगा.

पाणी कमी पडलं तरी पानं झुकतात आणि जास्त झालं तरी झुकतात, म्हणून नुसत्या पानांवरून ठरवता येत नाही. कोरड्या मातीत झुकलेलं झाड पाणी मिळाल्यावर काही तासांत उठतं. तुमचं तीन आठवड्यांत उठलेलं नाही.

प्रतिसाद २

आमच्याकडे साताऱ्याला अंगणातल्या कढीपत्त्याला आठवड्याला ताक घालायचे, झाड कौलांपर्यंत गेलं होतं. तुम्हीही दर आठवड्याला घालून बघा, पातळ करून.

प्रतिसाद ३

ताक जमिनीतल्या झाडाला ठीक, तिथे ऊन असतं, माती श्वास घेते. बंद घरात, हिवाळ्यात, ओल्या कुंडीत ते नासतं आणि बारीक काळ्या माश्या होतात. कृपया आता घालू नका.

आणखी एक बघा. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर सुईच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले तर लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड आहे. हीटरच्या कोरड्या हवेत तो फार वाढतो. पण त्यात पानांवर आधी बारीक फिकट ठिपके येतात, झाड असं एकदम मान टाकत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कागदावर काहीच दिसलं नाही. माती वरून कोरडी दिसत होती, पण बोट आत गेल्यावर चिखल लागला. कुंडी मला एकटीला उचलवेना. आणि दादा, तुमची शंका खरी ठरली. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत चार बोटं पाणी साचलं होतं आणि त्याला वास येत होता. मी इतके दिवस त्यात डोकावूनही पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटतंय.

प्रतिसाद १

वाईट वाटून घेऊ नका, मूळ कारण सापडलंय. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही, म्हणून चिखलात उभं असूनही झाड तहानेने सुकतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. तुमची कुंडीही मुळांच्या मानाने फार मोठी झाली. जी माती मुळं पीत नाहीत ती ओलीच राहते, आणि हिवाळ्यात तर झाड जवळजवळ झोपलेलं असतं.

आता असं करा. झाड कुंडीतून काढा आणि माती हलक्या हाताने झाडा. पांढरट, टणक मुळं राहू द्या. तपकिरी, बुळबुळीत, ज्यांची साल बोटाने निघून येते ती स्वच्छ कात्रीने कापा. उरलेल्या मुळांच्या गड्ड्यापेक्षा जेमतेम दोन इंच मोठी कुंडी घ्या, खाली भोकं हवीतच. नवं पॉटिंग मिक्स (कुंडीसाठीची तयार माती) घ्या, त्यात तिसरा हिस्सा पर्लाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे. जुनी माती परत वापरू नका. मुळं कमी झाली की वरचा भारही कमी करावा लागतो, म्हणून वरून एक तृतीयांश छाटा. जीवावर येईल, पण छाटा.

खत नको. कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी घाला. थंडगार नळाचं पाणी नको, रात्री भरून ठेवलेलं सकाळी घाला. कुंडी थेट फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा, म्हणजे मुळांना गारठा लागणार नाही. हीटरच्या जाळीपासून लांब सरकवा.

प्रतिसाद ४

छाटलेल्या फांद्यांची चांगली पानं टाकू नका, धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये ठेवा. फोडणीत थेट घालता येतात. (मूळ प्रश्नाला सोडून आहे, पण राहवलं नाही.)

धागाकर्ती

काल सगळं केलं. जवळजवळ निम्मी मुळं काळी निघाली, हातात चुरगळत होती. पण खोडाजवळ पांढऱ्या मुळांचा चांगला झुपका होता. पुन्हा १० इंची कुंडीतच लावला. पाटावर ठेवलाय. शोभेची कुंडी बाल्कनीत नेऊन उपडी घातली. छाटताना मुलगी रडली. तिला सांगितलं की नखाने खोडाची साल थोडी खरवडून बघ, आतून हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे. तिने स्वतः बघितलं तेव्हा गप्प झाली.

धागाकर्ती (साडेपाच आठवड्यांनंतर)

मुद्दाम कळवायला आले. पहिले दोन आठवडे आणखी पानं गळली, शेवटी पाच-सहा डहाळ्याच उरल्या. तरी दादांनी सांगितल्याप्रमाणे कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी घातलं, महिन्याभरात फक्त चार वेळा. परवा सकाळी खोडाच्या खालच्या अंगाला दोन लालसर कोंब दिसले. आज मोजले तर सात आहेत. उरलेली पानंही आता लोंबत नाहीत, ताठ आहेत.

खत कधी सुरू करू? आणि पुन्हा बाल्कनीत कधी?

प्रतिसाद १

फार आनंद झाला, ताई! नवी डहाळी बोटाएवढी होईपर्यंत खत नको, मग निम्म्या ताकदीचं, महिन्यातून एकदा. बाल्कनीत रात्री १२-१३ अंश टिकायला लागल्यावर, तुमच्याकडे मेअखेर धरा. पहिला आठवडा सावलीत ठेवा, घरातली पानं उन्हाने भाजतात. आणि यंदा उन्हाळ्यात पानं तोडताना एकेक न ओढता डहाळीचा शेंडा खुडायला सांगा लेकीला, तिथून दोन फांद्या फुटतील.