घरात आजी, गावात बाई : अनुभव धागा

ज्यांची आजी शाळेत शिकवायची, त्यांच्यासाठी हा धागा. नुकतीच माझी आजी गेली. भेटायला तिच्या वर्गातल्या बायका आल्या, त्यातल्या बऱ्याच जणी आता स्वतःच आज्या झाल्यात. प्रत्येकीजवळ 'आमच्या बाईं'ची एकेक गोष्ट होती आणि त्यातली एकही मला ठाऊक नव्हती. अशा गोष्टी विरून जायच्या आत लिहून ठेवू या. प्रेमळ होती, शिस्तीची होती, एवढ्यावर थांबू नका. ती काय आणि कसं शिकवायची ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. आजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, पास होऊन ठाण्यात प्राथमिक शाळेत लागली आणि थोड्याच दिवसांत, एप्रिल 1957 मध्ये, नवे पैसे आले. रुपयाचे शंभर पैसे हे मुलांना चटकन कळलं. अडलं बाजारात. चेंदणी कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायका म्हणायच्या, आण्याचे सहा पैसे, तर चार आण्यांचे चोवीस झाले पाहिजेत, मग पंचवीस कसे? आपल्याला कोणीतरी फसवतंय असं त्यांना वाटे. शाळा सुटली की आजी पाटी घेऊन त्यांच्यात जाऊन बसायची. आण्याचे खरे सव्वासहा होतात, पण पाव पैसा कोणाच्या गाठीला असणार? म्हणून एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तीनाचे एकोणीस आणि चाराचे पंचवीस. हे मला कोळीवाड्याच्या एका मावशींनी सांगितलं. त्यांच्या आईने घरात पाठ करून घेतलेलं, बोटांवर मोजत म्हणूनही दाखवलं: सहा, बारा, एकोणीस, पंचवीस.

कळव्याहून

ताई, वाचून भरून आलं. माझी आजी 1981 च्या जनगणनेला मुंब्र्याकडच्या वस्त्यांमध्ये फिरली होती. बाबा तेव्हा लहान, तिच्यासोबत असायचे. शाळेत न जाणारी मुलगी ज्या घरात दिसेल ते घर ती लक्षात ठेवायची आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पुन्हा त्या दारात उभी राहायची. बाबा म्हणतात, चहा घेईपर्यंत ती शाळेचं नावही काढायची नाही.

घणसोलीहून

आम्ही आगरी. भातशेती आणि खाडी, यावर घर चालायचं. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर गावोगाव जमिनीच्या नोटिसा येऊ लागल्या. कागदावरची ती मराठी चार यत्ता शिकलेल्यालाही उलगडत नव्हती. आजी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर कंदील ठेवून बसायची आणि नोटीस आधी जशीच्या तशी, मग आपल्या बोलीत वाचून दाखवायची. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, गुंठे. जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न होता, त्यामुळे एकेक आकडा दोनदा.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. बायकांना ती सही शिकवायची. सही वळणदार आली की काम झालं असं तिच्या लेखी नव्हतं. आधी सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते त्या बाईनेच बोट ठेवून वाचायचं. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले जात तेव्हा आजी तो कागद मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "बाय, यावर अंगठा दिलास तर तुझा वाटा गेला. तुला द्यायचा असेल तर दे, पण कळून दे." 1956 च्या कायद्याने हिंदू मुलीलाही बापाच्या मिळकतीत वाटा दिला होता, हे गावात तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं गेलं. भावांनी अबोला धरला. आमच्या घरचं लग्नाचं एक आमंत्रणही चुकलं. तिने वाचणं सोडलं नाही. मला तिचा फार अभिमान आहे.

नौपाड्यातून

थोडक्यात लिहितो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी कितीतरी अनुस्वार गेले. आजी वर्गात फळ्यावर चोख 'नाव', 'गाव' लिहायची. धाकट्या बहिणीला पत्र लिहिताना मात्र शेवटपर्यंत 'नांव', 'गांव'. ती पत्रं माझ्याकडे आहेत.

वाशीहून

सगळे चांगलंच लिहितायत, म्हणून हेही लिहिते. आजी शाळेची होती. आई लहान असताना तिची वेणी शेजारच्या काकू घालायच्या, कारण सकाळचं अधिवेशन सातला भरायचं. दुसऱ्यांची पोरं घडवताना आपल्या घरातलं एक मूल वाट बघत बसतं, हे आईने मला सांगितलंय आणि मला ते खरं वाटतं.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर आजीने माझी वेणी कोणाला घालू दिली नाही. वेणी होईपर्यंत दिडकी, म्हणजे दीडचा पाढा: दीड, तीन, साडेचार, सहा. मी अडले की तिचे हात थांबत आणि पेड तसाच धरून ती वाट बघे. आई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. एकदा तिनेच पुढचं 'साडेसात' म्हटलं. आजी काही बोलली नाही. माझी वेणी पुरी केली आणि आईला म्हणाली, "ये, तुझीही घालते." आई तेव्हा चाळिशीची होती. दोघी किती वेळ तशा बसल्या होत्या.

वागळे इस्टेटमधून

मी विद्यार्थी म्हणून लिहू का? बाईंची नातवंडं हे वाचत असतील तर त्यांना कळावं. मी बोलताना फार अडखळायचो. हजेरीला 'हजर' निघायचं नाही, मुलं हसायची. कविता चालीवर म्हणताना मी अडत नाही, हे बाईंनी हेरलं. मग माझे पाढे, इतिहासाची उत्तरं, सगळं चालीवर घ्यायच्या. हजेरीही चालीत. जो हसेल त्याने दुसऱ्या दिवशी त्याच चालीत हजेरी द्यायची, असा त्यांचा नियम होता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अख्खा वर्ग गाऊन हजेरी देत होता, आणि मुख्याध्यापक दारात येऊन विचारत होते की हा संगीताचा तास आहे का.