लॉबीतल्या कुंड्यांना पाणी किती घालायचं? (सोसायटीचा ग्रुप, जुलै)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. लॉबीत आणि जिन्यात ठेवलेल्या कुंड्यांपैकी निम्म्या पिवळ्या पडल्यात. मेंटेनन्सच्या पैशातनं आणलेली झाडं आहेत, याची सगळ्यांनी नोंद घ्यावी. वॉचमनला विचारलं तर म्हणतोय, साहेब मी रोज पाईप मारतोय, एक दिवस चुकवलेला न्हाई. मग झाडं का मराय लागल्यात?

बी-२०३ वैनी: रोज मारतोय म्हणूनच की ओ

ए-४०१ काका: चार दिवस उन्हाचं तोंड बघितलं न्हाई, जिन्यातल्या भिंतीला ओल आलीय, कपडे वाळंनात, आणि ह्यो रोज पाईप मारतोय. विषय हार्ड हाय

सेक्रेटरी: मग किती दिवसांनी घालायचं ते एकदा फायनल सांगा, मी नोटीस लावतो. सगळ्या कुंड्यांना एकच वार ठरवूया. मंगळवार, शनिवार वगैरे.

ए-३०२ दादा: गुगलवर आठवड्यातनं एकदा असं लिहिलंय

सी-१०४ मॅडम: वार ठरवून नाही हो जमणार. लिफ्टच्या शेजारी ज्या दोन कुंड्या चिकटून ठेवल्यात ना, त्यात एक स्नेक प्लांट आहे, तो मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, आणि त्याला लागून पीस लिली, ती अमेरिकेतल्या उष्ण, पावसाळी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर जमिनीवर वाढणारी. एकाला माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी नको आणि दुसरीची माती पूर्ण वाळली की ती मान टाकते. दोघांना एकाच वारी एकच मग घातला तर एक कोण तरी जाणार. आत्ता स्नेक प्लांट चाललाय, बघा बुडात हात लावून, पान मऊ लागेल.

ए-४०१ काका: बघून आलो. नुसतं मऊ न्हाई, पान ओढलं तर हातातच आलं, खाली पिचपिचीत आणि वास मारतंय

सी-१०४ मॅडम: कुजलंय ते. वरचा चांगला भाग कापून चार दिवस सावलीत सुकू दे, मग कोरड्यासारख्या मातीत खोचा, येतं परत. फक्त पिवळ्या काठाची जात असेल तर पानापासून येणारी नवी फूट बहुतेक नुसती हिरवी येते, पिवळा काठ जातो. काठ पाहिजे असेल तर बुडातला कंद वाटून लावायला लागतो.

बी-२०३ वैनी: मॅडम पण आमच्यासारख्यांना कसं कळणार ओ कुठलं झाड कुठनं आलंय ते, नर्सरीवाल्याला विचारलं की तो सगळ्याला एकच सांगतोय, एक दिवसाआड एक ग्लास

सी-१०४ मॅडम: देश माहीत नसला तरी चालतंय, पान बघायचं. मी शाळेत पोरांना सांगायचे तेच सांगते. पानाची जाडी पाण्याचं सांगते आणि पानाची रुंदी, रंग उजेडाचं सांगतात. ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या, तिथंच सगळ्यांचा घोळ होतो. जाड, मांसल पान म्हणजे ते झाड जिथलं आहे तिथं पाणी कधी मिळतं कधी नाही, म्हणून त्यानं पानातच साठा केलाय. पातळ, रुंद, गडद हिरवं पान म्हणजे जंगलात खाली वाढणारं, वरनं जो काय गाळून उजेड येतो तो पकडायला पान पसरलंय, आणि हवा कायम दमट म्हणून पाणी साठवायची गरजच पडली नाही.

ए-४०१ काका: म्हणजे जाड पान असलं की कडक उन्हात ठेवायचं, बरोबर?

सी-१०४ मॅडम: नाही ना, हेच म्हणतेय मी. तुमच्या दारातलं झेडझेड बघा. पान जाड, चकचकीत, आणि मातीखाली बटाट्यासारखे कंद आहेत, ते पूर्व आफ्रिकेतलं, केनियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. तिथं कोरडा ऋतू मोठा, म्हणून साठा. पण ते तिथं झाडांच्या सावलीतही वाढतं, त्यामुळं कमी उजेडात तग धरतं. पाणी कमी आणि ऊनपण कमी, दोन्ही एकाच झाडात. कडक उन्हात ठेवलंत तर पान भाजेल.

ए-४०१ काका: आमची प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूनं फुगलीय ते कंदामुळंच व्हय? मला वाटलं कुंडीच डुप्लिकेट दिली

सी-१०४ मॅडम: कंदामुळंच. आत जागा संपलीय, पावसाळ्यातच बदलून टाका.

ए-३०२ दादा: मॅडम स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतंय म्हणून मी बेडरूममध्ये तीन ठेवलेत, ते चालतंय का? नासानं पण सांगितलंय म्हणे

सी-१०४ मॅडम: अर्धं खरं आहे. कोरड्या भागातली बरीच झाडं दिवसा पानांवरची छिद्रं बंद ठेवतात, नाहीतर उन्हात सगळं पाणी उडून जाईल, आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात. स्नेक प्लांट, कोरफड, जेड असं करतात. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच, त्यामुळं तो तयार होतो दिवसाच. आणि नासाचा तो प्रयोग १९८९ चा, बंद पेटीत झाडं ठेवून केलेला. आपल्या खोलीला दारं खिडक्या असतात. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब काढला तेव्हा दिसलं की खिडकी उघडल्यावर जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडनं करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला कमीत कमी दहा, नाहीतर शेकड्यांनी झाडं लागतील. झोपायला कॉट राहणार नाही तुझी.

ए-४०१ काका: हा हा हा. भावा तू खिडकी उघड

ए-३०२ दादा: डास येत्यात काका

बी-५०१ आज्जी (सुनेच्या फोनवरनं): राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. पंचगंगा ३६ फुटावर. इशारा पातळी ३९, धोका ४३. नदीकाठच्या पाहुण्यांना फोन करा.

सेक्रेटरी: आज्जी पुराचं दुसऱ्या ग्रुपवर टाका प्लीज. पण माहितीबद्दल धन्यवाद.

बी-२०३ वैनी: मॅडम माझ्या कॅलेथियाचं सांगा की. एवढं महाग आणलं, पानावर इतकी सुंदर नक्षी, मागं जांभळा रंग, पण उन्हाळ्यात सगळ्या कडा करपून पापडासारख्या झाल्या. पाणी तर मी रोज बघून घालत होते, माती ओलीच होती. आता पावसाळा लागल्यापासनं नवीन पानं एकदम चांगली याय लागलीत, काहीच केलं नाही मी

सी-१०४ मॅडम: तुम्ही नाही केलं, हवेनं केलं. कॅलेथियाच्या बऱ्याच जाती ब्राझील आणि आजूबाजूच्या दमट जंगलातल्या, जमिनीलगत वाढणाऱ्या. पातळ पान आहे, त्यातनं पाणी भराभरा उडतं. एप्रिल मे मध्ये आपल्याकडं दुपारी हवा कशी कोरडी असते, ओठ फुटतात, तसंच पानाच्या कडेचं होतं, कारण कडा ही पाणी पोचायची शेवटची जागा. मुळांत पाणी असून पोचायच्या आधीच उडतंय. तेव्हा मातीत जास्त ओतून उपयोग नाही. उन्हाळ्यात तिला खिडकीपासून आत घ्या, चार पाच कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा, पंख्याच्या झोतात नको. आणि बोअरचं पाणी घालत असाल तर बंद करा, त्यातल्या क्षारांनी पण टोकं करपतात. आत्ता पावसाचं पाणी भरून ठेवा, फुकट आहे.

बी-२०३ वैनी: संध्याकाळी पानं उभी मिटतात आणि सकाळी उघडतात ते मी सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या लाजाळूचीच बहीण दिसतीय

सी-१०४ मॅडम: नात्यानं लांबच्या, पण हलण्याची युक्ती तीच. देठाच्या सांध्यात पाणी भरतं आणि उतरतं, त्यानं पान हलतं. रोज नीट हलत असेल तर झाड खूश आहे असं समजा.

ए-२०४ ताई: माझं जेड गॅलरीत कट्ट्यावर आहे, बाहेरच्या बाजूला. पानं नुसती गळाय लागलीत, सकाळी झाडायला गेलं की सुपलीभर. तहानलंय का? मी अजून थोडं पाणी घातलं काल

सी-१०४ मॅडम: अहो थांबा थांबा, घालू नका. गळलेलं पान चिमटीत धरून बघा. सुरकुतलेलं, वातड, चपटं असेल तर तहान. पिवळट, आरपार दिसणारं, दाबलं की पाणी सुटणारं असेल तर पाणी जास्त झालंय.

ए-२०४ ताई: पाणी सुटतंय. ई

सी-१०४ मॅडम: आजच आत घ्या. जेड दक्षिण आफ्रिकेतलं, खडकाळ उतारावरचं, आलं पाणी की वाहून जाणारं. तुम्ही ते नर्सरीच्या चिकट लाल मातीतच ठेवलंय आणि वर आपला पाऊस. कोल्हापुरात जाड पानाची झाडं उन्हानं फार कमी मरतात, ती जुलै ऑगस्टमध्ये मरतात. जून लागला की स्लॅबखाली घ्यायची, उजेड येईल पण थेंब पडणार नाही अशी. कोरफड, जेड, कॅक्टस, अडेनियम, सगळी. काढून बघा, मुळं काळी असतील ती कापा, आणि बारीक खडी, विटेचा चुरा घातलेल्या मातीत लावा.

ए-४०१ काका: अडेनियमवरनं आठवलं, आमचं दर डिसेंबरला बोडकं होतंय, मिसेस म्हणतात मेलं, टाका

सी-१०४ मॅडम: टाकू नका! अरबस्तान, पूर्व आफ्रिका इकडचं ते. थंडी पडली, कोरडं झालं की पानं टाकून झोपतं. बुंधा दाबून बघा, टणक असेल तर जिवंत आहे. त्या वेळी पाणी जवळजवळ बंदच करायचं. आपल्या घाटातला निवडुंग पण कोरड्या दिवसांत पानं टाकतोच की. लोक दया येऊन पाणी ओततात आणि बुंधा सडतो.

ए-३०२ दादा: म्हणजे जाड पान म्हणजे वाळवंट हे फिक्स

सी-१०४ मॅडम: तेही फिक्स नाही रे. ख्रिसमस कॅक्टस नाव कॅक्टसचं, पण तो ब्राझीलच्या किनाऱ्याजवळच्या दमट डोंगरजंगलात झाडांच्या फांद्यांवर, खडकांच्या फटीत वाढतो. त्याला वाळवंटासारखं महिनाभर कोरडं ठेवलं तर चिमतो. ऑर्किडचं तसंच. पान जाड कारण झाडावर माती नाही, पाऊस थांबला की तासाभरात मुळं कोरडी. साठा लागतोच, पण हवा दमट, ऊन गाळीव. म्हणून म्हटलं, जाडी फक्त एवढंच सांगते की पाणी सतत नाही. का नाही, ते गाव बघून कळतं. एक कोरड्या खडकावरनं आलंय, एक ओल्या फांदीवरनं.

बी-२०३ वैनी: माझ्या नणंदेनं ऑर्किड गिफ्ट दिलंय, मी ते चांगल्या लाल मातीत शेणखत घालून लावलंय

सी-१०४ मॅडम: काढा वैनी. लगेच. त्याच्या मुळांवर पांढरट स्पंजासारखं आवरण असतं, पाणी मिळालं की हिरवट दिसतं, वाळलं की चंदेरी. त्या मुळांना वारा पाहिजे, मातीत गुदमरतात. कोळशाचे तुकडे, नारळाची शेंडी, झाडाची साल ह्यात ठेवा. दाजीपूरला, आंबोलीला जाता तेव्हा वर बघत जा, आंब्याजांभळावर सीतेची वेणी, आपलं रानातलं ऑर्किड, लोंबत असते, खाली माती कुठंय तिला? मुळं फांदीला नुसती चिकटलेली असतात.

ए-३०२ दादा: मग दाजीपूरवरनंच एक आणूया, फुकट

सी-१०४ मॅडम: अभयारण्यातनं पान पण उचलायचं नाही. गुन्हा आहे आणि ते इथं जगत पण नाही. बघायचंच असेल तर विद्यापीठात बॉटनी डिपार्टमेंटची बाग आहे, तिथं विचारून जा. कंदीलपुष्पांवर मोठं काम झालंय तिथं, सह्याद्रीतल्या कितीतरी दुर्मिळ जाती सांभाळल्यात. आणि गंमत सांगू का, तुझ्या आईनं खिडकीत जी बदामाच्या आकाराच्या पानांची वेल लोंबती सोडलीय, स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, ती दक्षिण आफ्रिकेतली, पण कंदीलपुष्पाचीच जात. फूल बघ, बारीक कंदील असतो. आपल्या पठारावरची पाऊस संपला की वरनं वाळून जातात आणि जमिनीत कंद ठेवतात, हिच्या पण वेलीवर गाठी येतात त्या साठ्याच्याच. म्हणजे तिला पाणी कसं घालायचं ते कळलं का?

ए-३०२ दादा: माती वाळल्यावर घालायचं, आणि मग परत वाळू द्यायचं

सी-१०४ मॅडम: शाब्बास

ए-४०१ काका: मनीप्लांटचं काय मग, ते बाटलीत पण जगतंय, जिन्यात अंधारात पण जगतंय. त्याचा बापजादा कोण?

सी-१०४ मॅडम: ते पॅसिफिकमधल्या मोरेआ नावाच्या बेटावरचं. जंगलात झाडावर चढणारं, म्हणून जगतंय सगळीकडं, पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. बाटलीत तळहाताएवढं पान देतंय तेच आपल्या कळंब्याच्या बागेत नारळावर चढलंय तिथं जाऊन बघा, हातभर लांब पानं आणि कडेनं फाटलेली. आधार आणि उजेड मिळाला की त्याला कळतं आता वर आलो. जिन्यातलं पिवळे पट्टे सोडून नुसतं हिरवं व्हायला लागलंय ना? उजेड कमी पडतोय. पांढऱ्यापिवळ्या भागात हरितद्रव्य नसतं किंवा अगदी कमी असतं, त्यामुळं पट्टेवाल्या झाडाला साध्या हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो. क्रोटनचं पण तेच, जिन्यात रंग उतरणारच, त्याला गेटपाशी उन्हात ठेवा.

सी-१०१ काकू: आणि तुळस ओ? सी विंगला गॅलरीत एकाचीबी टिकंना. आम्ही तर श्रद्धेनं रोज तांब्याभर घालतोय

सी-१०४ मॅडम: काकू आपली गॅलरी उत्तरेला आहे. तुळशीचं पान लहान, लवदार, वासाचं. हे भरपूर उन्हातल्या झाडाचं लक्षण. तिला पाच सहा तास ऊन पाहिजे आणि आपल्याकडं ते येतच नाही. रोजचा तांब्या राहू दे, पण कुंडीला भोकं मोठी करा, आणि कुंडी टेरेसवर ठेवायला परवानगी घ्या.

सेक्रेटरी: परवानगी दिली. टाकीच्या बाजूला नको, दक्षिणेच्या कठड्याला ठेवा.

सेक्रेटरी: बरं आता माझं काम सांगा. नोटीसवर काय लिहू? वॉचमनला एवढं सगळं कसं सांगणार?

सी-१०४ मॅडम: पाईप बंद. पाण्याचा मग आणि बोट, एवढंच. पातळ पानाच्या कुंडीला हिरवी टेप लावा, जाड पानाच्या कुंडीला लाल. हिरवीत बोटाचं पहिलं पेर मातीत घालायचं, कोरडं लागलं तर एक मगभर पाणी. लालमध्ये पावसाळ्यात पाणी नाहीच, मला विचारल्याशिवाय. पीस लिलीनं मान टाकली तरी आधी बोट घालायचं. कोरडी असेल तर पाणी घातल्यावर दोन चार तासांत उभी राहते. माती ओली असून मान टाकली असेल तर मुळं कुजलीत, तिथं पाणी घातलं की संपलं.

ए-४०१ काका: आणि जागा? अरेका पाम लिफ्टच्या अंधारात का ठेवलाय तेच मला कळंना

सी-१०४ मॅडम: मादागास्करचा आहे तो, त्याला भरपूर उजेड लागतो. दाराशी आणा, काचेच्या बाजूला. लिफ्टपाशी झेडझेड आणि स्नेक प्लांट, तेही महिन्यातनं थोडे दिवस उजेडात फिरवायचे. रबर प्लांट पहिल्या मजल्याच्या खिडकीत. तो आपल्या ईशान्य भारतातला, पानं फडक्यानं पुसत जा, धूळ बसली की पानाला उजेड मिळत नाही.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ९ ला कुंड्या हलवायच्या. प्रत्येक विंगमधनं दोघं यावेत. टेप मी आणतो.

ए-३०२ दादा: मी येतो. पुसायचं काम मला नको, उचलायचं द्या

बी-२०३ वैनी: सेक्रेटरी साहेब, रविवारची वाट बघू नका, कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठून अळ्या झाल्यात, मी आत्ता दुसऱ्या मजल्यावर बघून आले. डेंग्यूचे दिवस आहेत, त्या तरी आजच उपड्या करा

सेक्रेटरी: सांगतो लगेच.