मॉर्मन लोकांचं पुस्तक बायबलच्या जोडीला देवाचं वचन म्हणून धरता येईल का?

नगरकर_युटा

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, आजोबांपासून ख्रिस्ती, आता नोकरीमुळे सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो आणि इथे आजूबाजूला जवळपास सगळे मॉर्मनच आहेत. माणसं खरंच फार चांगली, आम्ही राहायला आलो तेव्हा न सांगता सामान उतरवायला आले, बायको आजारी होती तेव्हा रोज कोणीतरी जेवण आणून द्यायचं. आता त्यांनी बुक ऑफ मॉर्मन दिलंय, कव्हरवर खाली लिहिलंय की हा येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार आहे. मुलगी बारावीत आहे, ती विचारते पप्पा हे पण येशूबद्दलच आहे मग आपण का नाही वाचत. मी तिला प्रकटीकरण २२:१८ दाखवलं, की या पुस्तकात कोणी भर घालू नये, पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. शेजाऱ्यांना न दुखावता पण खरं ते बोलायचं आहे. कोणी नीट अभ्यास केलाय का?

सकाळची_उपासना

दादा, गलतीकरांस पत्र १:८ वाचा. स्वर्गातल्या देवदूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी तो शापित असो, असं पौल स्पष्ट लिहितो. आणि मॉर्मन पंथ सुरू करणारा जोसेफ स्मिथ काय म्हणतो, तर १८२३ मध्ये मोरोनी नावाचा देवदूत आला आणि ज्यांवरून पुढे बुक ऑफ मॉर्मन आलं ते सोन्याचे पत्रे कुठे पुरलेत ते त्याने सांगितलं. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो. मुलीला सांभाळा, प्रार्थनेत आहोत.

हैद्राबादी_मराठी

मी मॉर्मन आहे, हैदराबादला बाप्तिस्मा घेतला, माहेर नांदेडचं. ताई, तुमची श्रद्धा मला कळते, पण वेगळी सुवार्ता म्हणजे काय हे आधी बघा ना. त्या पुस्तकात येशू पुनरुत्थानानंतर अमेरिकेतल्या लोकांना भेटतो, हाताचे व्रण दाखवतो, लेकरांना आशीर्वाद देतो, थर्ड नेफाय (त्यातलंच एक पुस्तक) मधला तो भाग वाचताना मला आजही रडू येतं. आणि प्रकटीकरणातलं ते वचन त्या एका पुस्तकापुरतं आहे, कारण अनुवाद ४:२ मध्येही तसंच लिहिलंय, मग तिथेच थांबायचं का, यशया नि मत्तय नंतरचेच आहेत ना? शिवाय बायबल सगळ्यांचं एकच तरी कुठे आहे, प्रोटेस्टंटांची ६६ पुस्तकं, कॅथलिकांची ७३, इथिओपियन मंडळीची त्याहून जास्त. पत्रे बघितल्याची साक्ष देणारे ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर, मार्टिन हॅरिस तिघेही पुढे चर्चपासून तुटले, तरी आपण खोटं बोललो असं तिघांपैकी कोणीही म्हटलं नाही. देव पूर्वी बोलत होता आणि आता गप्प झाला, असं का मानायचं?

वसईवाला

आमच्याकडे कॅथलिक शिकवण अशी की प्रेषितांबरोबर सार्वजनिक प्रकटीकरण पूर्ण झालं. नंतर लूर्द, फातिमा इथे मरियेची दर्शनं वगैरे झाली, चर्चने मान्यताही दिली, तरी ते मानलंच पाहिजे अशी सक्ती कोणावर नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, आपल्या मराठीत, लोक ते भक्तीने गायचे, पण बायबलच्या शेजारी कोणी ठेवलं नाही. मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं व्हॅटिकनने २००१ मध्ये सांगितलंय, कारण पिता पुत्र पवित्र आत्मा हे शब्द तेच असले तरी त्यामागचा विश्वास वेगळा आहे.

जुनी_पोथी

हैद्राबादी ताईंचा प्रकटीकरणाबद्दलचा मुद्दा मला पटतो. देव पुन्हा बोलूच शकत नाही हे प्रकटीकरण २२ वरून सिद्ध होत नाही, तो युक्तिवाद आपण सोडून द्यावा, मुलगी हुशार आहे म्हणूनच तिला तो लंगडा वाटला. पण देव बोलू शकतो म्हणजे १८३० मध्ये पाल्मायरात छापलेलं पुस्तक त्याचंच, असं होत नाही ना, ते तपासावं लागतं आणि तपासायला जागा आहे.

एक म्हणजे त्यांचा दावा की बायबलमधून मोलाच्या गोष्टी काढून टाकल्या गेल्या (फर्स्ट नेफाय १३ वाचा). आता १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानला यशयाची गुंडाळी सापडली, तोपर्यंत हातात असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षं जुनी, आणि मजकूर बहुतांशी तोच निघाला, फरक आहेत पण बरेचसे स्पेलिंगचे नि किरकोळ शब्दांचे, कोणी शिकवणच कापून टाकली असं तिथे दिसत नाही. उलट बुक ऑफ मॉर्मनमध्ये सेकंड नेफायचे १२ ते २४ अध्याय म्हणजे यशयाचे २ ते १४, आणि तेही बरेचसे १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलच्या शब्दांतच. आणखी एक बघा, मार्क १६ चा शेवट, ९ ते २० वचनं, सगळ्यात जुन्या मोठ्या ग्रीक प्रतींत नाहीत, बरेचसे अभ्यासक ती नंतरची भर मानतात. त्यातलाच साप उचलण्याचा आणि विष प्यायलं तरी बाधणार नाही असा भाग बुक ऑफ मॉर्मनमधल्या 'मॉर्मन' नावाच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात येतो. अमेरिकेत स्वतंत्रपणे लिहिलेल्या ग्रंथात नेमका तो मजकूर, तोही त्याच शब्दांत, कसा आला?

तरी सोन्याचे पत्रे देवदूताने परत नेले म्हणतात, त्यामुळे ते कोणाला वाचताच येत नाहीत. बुक ऑफ अब्राहम या स्मिथने दिलेल्या दुसऱ्या ग्रंथाचं मात्र तसं नाही आणि मला सगळ्यात जड तेच वाटतं. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला एक माणूस इजिप्शियन ममी आणि पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या जुन्या गुंडाळ्या) घेऊन आला, ते विकत घेतले गेले, स्मिथने सांगितलं यात अब्राहामाचं लिखाण आहे, १८४२ मध्ये ते छापलं आणि १८८० पासून ते त्यांचं शास्त्र आहे. त्या पपायरसचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मिळाले आणि १९६७ मध्ये चर्चला परत दिले गेले. पुस्तकात छापलेलं पहिलं चित्र ज्यावरून घेतलं तो तुकडाही त्यात आहे. इजिप्तच्या अभ्यासकांनी वाचलं तर ते होर नावाच्या पुजाऱ्याबरोबर पुरलेलं मृत्यूनंतरच्या प्रवासाचं लिखाण, अब्राहामाच्या कितीतरी शतकं नंतरचं, आणि त्यात अब्राहामाचं नावसुद्धा नाही. २०१४ मध्ये चर्चने स्वतःच्या वेबसाइटवरच मान्य केलं की या तुकड्यांवरची अक्षरं आणि पुस्तकातला मजकूर जुळत नाही. आता स्मिथचा एक दावा पारखता आला आणि तो असा निघाला, तर जो पारखता येत नाही तो मी कशाच्या भरवशावर स्वीकारू?

हैद्राबादी_मराठी

जुनी पोथी, अब्राहमचा प्रश्न खरंच कठीण आहे, मी नाकारत नाही. आमच्यात काही जण म्हणतात मूळ गुंडाळी लांब होती आणि तो भाग हरवला, काही म्हणतात पपायरस फक्त निमित्त होता, मजकूर देवाने थेट दिला. पण तुम्ही फक्त कागद तपासताय. मोरोनी १०:४ म्हणतं खऱ्या मनाने देवाला विचारा, मी विचारलं आणि मला उत्तर मिळालं. ते मी कसं खोटं म्हणू?

जुनी_पोथी

खोटं म्हणा असं मी म्हणणारच नाही ताई. पण प्रार्थनेनंतर मनाला मिळालेली शांती कुराण वाचणाऱ्यालाही मिळते, वारीत चालणाऱ्यालाही मिळते. त्या शांतीवरून त्या माणसाचं मन कळतं, पुस्तक कुठून आलं हे कळत नाही. बिरुयातले लोक पौलाचं ऐकल्यावर रोज शास्त्र उघडून पडताळून बघत होते, आणि बायबल त्याबद्दल त्यांना नावाजतं. चमत्कार, देवदूत मीही मानतो, म्हणून ही तपासणी मला आणखीच गरजेची वाटते.

नगरकर, अजून एक. बुक ऑफ मॉर्मन वाचलंत तर ते बरंचसं आपल्या चर्चमधल्या प्रवचनासारखंच वाटेल आणि मुलीलाही तसंच वाटत असणार. खरे फरक डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या त्यांच्या दुसऱ्या शास्त्रग्रंथात आहेत, कलम १३० म्हणतं पित्याला माणसासारखं हाडामांसाचं शरीर आहे, १३२ मध्ये अनेक बायका करण्याची शिकवण आहे, जी १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष वुडरफ यांच्या जाहीरनाम्याने थांबवली, पण कलम पुस्तकात अजून आहे. योहान ४:२४ म्हणतं देव आत्मा आहे. म्हणजे वाद फक्त आणखी एक पुस्तक घ्यायचं का एवढाच नाही, देव कोण हाच आहे, आणि त्यावर दोन्ही पुस्तकं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

नगरकर_युटा

सगळ्यांचे आभार, हैद्राबादी ताई तुमचेही, तुम्ही न चिडता बोललात. प्रकटीकरणाचं वचन पुढे करणं मी थांबवतो. या रविवारी मुलीबरोबर बसून योहान ४ आणि ते कलम १३० शेजारी शेजारी वाचणार आहे, मग तिलाच विचारेन. शेजाऱ्यांनाही अब्राहमबद्दल सरळ विचारायचा विचार आहे, पण ते जेवायला येतील तेव्हा नाही, वेगळा वेळ मागून.

हैद्राबादी_मराठी

विचारा जरूर. मिशनरी पोरं विशीतली असतात, त्यांच्यापेक्षा तिथल्या बिशपला विचारा, आणि मुलीला थर्ड नेफाय ११ सुद्धा वाचू द्या.