जुन्या पेट्रोल फर्ग्युसनला साधं पेट्रोल चालेल का?

काटोल_रोड: फर्ग्युसनचा टीईए-20 ट्रॅक्टर आहे, झेनिथ कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग). प्रीमियम पेट्रोल परवडत नाही. साधं टाकलं तर इंजिनाला धोका आहे का? लोडवर कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो, तो कशाचा?

कळमेश्वर_वर्कशॉप: भाऊ, बिनधास्त टाका. या इंजिनाचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) सहाच्या आसपास, आणि ते बनलं तेव्हा पेट्रोलच 70 ऑक्टेनच्या घरातलं होतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ठोका न पडता दाब सोसण्याची क्षमता. इथे तेवढा दाबच नाही, मग जास्तीचे पैसे कशाला?

फटफट आवाज इथेनॉलचा. ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल; ते हवेच्या मानाने जास्त लागतं, म्हणून जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं. लोड असताना चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढून बघा. इंजिन सुधारलं तर मेन जेट कमी पडतोय. व्यास साधारण 4 टक्के वाढवा, म्हणजे 1.00 मिमी असेल तर 1.04. ड्रिल मारू नका, छिद्र वाकडं होतं. रीमर (छिद्र सरळ, बारीक वाढवणारं हत्यार) हळूहळू फिरवा. प्लगचं टोक पांढरं राहिलं तर अजून पातळ, बिस्किटी रंग आला की थांबा.

कामठी_मेकॅनिक: आणि प्रीमियममध्ये इथेनॉल नसतंच असं धरू नका. मोजपात्रात 100 मिली पेट्रोल, 10 मिली पाणी, हलवून दहा मिनिटं ठेवा. खालचा थर 25-30 मिलीवर गेला तर इथेनॉल भरपूर.

इथेनॉलने जुना रबरी पाइप फुगतो, आतून सोलतो आणि त्याचे काळे कण जेटमध्ये अडकतात. पाइप वायटनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) घ्या. टाकीतला जुना गाळही सुटतो, म्हणून पहिले काही दिवस सेडिमेंट बाऊल (गाळ साठणारी वाटी) रोज उघडून बघा. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर टाकी, कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाशी वेगळं बसतं.

व्हॉल्व्हची सीट जपणारं पेट्रोलमधलं शिसं तर 2000 पासूनच नाही. सतत जड नांगरणी असेल तर टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप तपासत राहा. तो पुन्हा पुन्हा कमी होत गेला म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट खचतेय, कडक सीट बसवावी लागेल.

काटोल_रोड: थोडं रॉकेल मिसळलं तर?

कळमेश्वर_वर्कशॉप: नाही जी. रॉकेलवर चालणाऱ्या मॉडेलला ते तापवणारा वेगळा मॅनिफोल्ड (इंजिनात मिश्रण नेणारी नळी) असतो, कॉम्प्रेशनही कमी असतं. तुमच्यात ते न जळता पिस्टनच्या रिंगवरून खाली ऑइलमध्ये उतरेल. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसेल, बोटाला पातळ लागेल, वास रॉकेलचा येईल. तेव्हा बेअरिंग आधीच घासायला लागलेली असतात.