चांदवाले जर्बिल: दोन्ही ठिपकेदार नकोत

जर्बिल म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. त्याची कपाळावर पांढरा चांद आणि मानेवर ठिपका असलेली पिल्लं हवीत म्हणून नर-मादी दोन्ही ठिपकेदार घ्यायचा विचार काहीजण करतात. कृपया तसं करू नका. हा ठिपक्यांचा जनुक प्रभावी असतो; आईबापांपैकी एकाकडे असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. दोन्हीकडून आला, की तो गर्भ जन्माआधीच मरतो. म्हणजे दोन्ही ठिपकेदार असतील तर सरासरी चारातला एक गर्भ वाया, आणि मादीला उगाच त्रास. एक ठिपकेदार, एक साधा, एवढंच पुरे.

ठिपका मात्र कुठे पडेल ते आपल्या हातात नाही. माझ्या पहिल्या वेतात चांद एकालाच आला, बाकी नुसते नाकावर पांढरे! नाशिकरोडच्या मावशी बघून म्हणाल्या, "हा तर बैलपोळ्याचा."

अजून एक. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, आणि गर्भकाळ जेमतेम २४ ते २६ दिवसांचा. पिल्लांना घरं ठरलेली नसतील तर जोडी लावूच नका. व्यायच्या आधीच नर वेगळा काढलात तर दोघांना परत एकत्र ठेवताना जीवघेणी भांडणं होतात, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणामुळे केस तेलकट, चिकटलेले दिसतात. हा प्राणी मूळचा मंगोलियाकडच्या कोरड्या प्रदेशातला. वाळूची अंघोळ द्या, भुसा कोरडा ठेवा. आणि शेपटीला धरून उचलू नका, कातडी सोलून निघते.