शेल्टरमधली म्हातारी कुत्री पट्टा बघून गोठते, काय करू?

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये ऑगस्टपासून दर रविवारी जाते. सकाळचे दोनेक तास. केनेल धुणं, भांडी घासणं, मग फिरवायची असतील ती कुत्री फिरवणं. घोडं अडलंय ते एका म्हातारीपाशी.

कार्डावर तिचं नाव डेझी, पण तिथली पोरं आजीच म्हणतात. लॅब्रॅडोरचा अंश असावा. पिवळट अंग, तोंड पांढरं पडलेलं. अंदाजे दहा-अकरा वर्षांची. कुणीतरी रात्री गेटला बांधून गेलं, यापलीकडे माहिती नाही. पाण्याच्या टबामागे भिंतीला चिकटून असते. खराटा दिसला की थरथरते.

पहिले तीन रविवार मी नुसती बसून काढले. तिच्याकडे पाठ, हातात पेपर, आणि मधूनमधून मागे टाकायचा उकडलेल्या चिकनचा तुकडा. चौथ्या रविवारी पाठीला ओलं नाक लागलं. घरी येऊन आनंदाने सांगितलं तर आई म्हणते, "आत्याकडे जायला मात्र तुला वेळ नसतो." असो.

गेल्या रविवारी पोरं म्हणाली, "ताई, आता फिरवा की आजीला." मी खिशातून पट्टा काढला. ती पोट जमिनीला टेकवून बसली, कान मागे, आणि तिथेच लघवी केली. लगेच पट्टा बाहेर टाकला, पण मी निघेपर्यंत ती टबामागून हलली नाही. चिकनला मुंग्या लागल्या.

आता इतक्या आठवड्यांवर पाणी पडलं का? तिथले एक जण म्हणतात, उचलून बाहेर न्या, एकदा गेली की भीड चेपेल. मला धीर होत नाही. आणि आठवड्यातून एकदाच जाऊन मी तिला उगाच लळा लावतेय का? दिवाळीही तोंडावर आलीय.

गावठीप्रेमी: उचलून अजिबात नेऊ नका. असं केलं की कुत्रं गप्प होतं आणि लोकांना वाटतं सरावलं. ते फक्त हरलेलं असतं. शिवाय घाबरलेलं कुत्रं उचलताना चावतं, आणि चावलं की "चावकी" हा शिक्का बसतो. म्हाताऱ्या कुत्रीला मग कोण नेणार घरी?

पट्टा महिनाभर पट्टा म्हणून वापरूच नका. जमिनीवर पडू दे, तिच्यापासून लांब, त्याच्या आसपास चिकन. दर वेळी थोडा जवळ. हुकचा खट्ट आवाज वेगळा ऐकवा, खट्ट की तुकडा. ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्यांचं पांढरं दिसलं की तिथेच थांबा. ती जांभई झोपेची नसते. आणि लावाल तेव्हा छातीवरचा हार्नेस लावा, गळ्याला ओढ नको.

रविवारचं म्हणाल तर जात राहा, फक्त वेळ तीच ठेवा. आणि तिथल्या एका पोराला हे सगळं दाखवून ठेवा. सहा दिवस तिच्यासोबत तोच असतो.

जुनी चप्पल: आधी डॉक्टरांना दाखवा. या वयात सांधे दुखतात, मोतीबिंदू होतो, कानाने कमी येतं. दुखतं तिथे हात लागेल म्हणूनही कुत्री आक्रसतात, आणि आपण सगळं खापर जुन्या मालकावर फोडतो. ती उठते कशी, ओल्या फरशीवर पाय घसरतात का, एका बाजूने गेलं की जास्त दचकते का, एवढं बघून ठेवा. माणसांची पेनकिलर चुकूनही देऊ नका.

फटाक्यांसाठी आत्ताच विचारा, आयत्या वेळी नाही. नुसतं गुंगीचं औषध नको म्हणावं. त्याने शरीर सुस्त पडतं, भीती तशीच राहते.

चहा दोन: ताई, तुम्ही स्वतः रेबीजची लस घेतलीय का? शेल्टरमध्ये जाणाऱ्यांनी आधीच घ्यायची असते, ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी. चावलंच तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, मग दवाखाना. आधी लस झालेली असली तरी दोन डोस पुन्हा लागतात. दुकानदारांच्या सांगण्यावरून हळद-मिरची भरू नका, आमच्याकडे अजून भरतात.

रविवारची पाहुणी (मूळ प्रश्न माझाच): लस घेतली नव्हती, पहिलं इंजेक्शन परवा झालं.

काल बघितलं तर आजी तिसऱ्या प्रयत्नात उठली. मागचे पाय फाकतात. डावा डोळा दुधाळ आहे आणि मी गाढवासारखी इतके दिवस तिच्या डाव्या बाजूलाच बसत होते. डॉक्टरांनी कंबर दाबली तर मान गर्रकन वळवली, पण चावली नाही. सांधेदुखीचं औषध सुरू केलंय. दिवाळीचंही बोलणं झालं, आवाज कमी येईल अशा आतल्या खोलीत हलवणार आहेत. पट्टा दाराजवळ टाकून आले. तिने लांबूनच मान ताणून एक तुकडा उचलला, बाकीचे ठेवले.

एक विचारायचं राहिलं. फरशी फार गार असते. जुनी गोधडी टाकली तर चालेल का?

गावठीप्रेमी: चालेल. टाके उसवलेली देऊ नका, दोरे गिळतात. आणि दोन द्या, एक धुवायला लागेलच.