सँटोरिनीत एक दिवस : जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

सुकाणू
माझं मत स्पष्ट आहे, इथे जहाजाचीच सहल, म्हणजे क्रूझ कंपनीची गाइडसह बससहल, घ्या. सँटोरिनी या ग्रीक बेटावर क्रूझ धक्क्याला लागत नाही. ती कॅल्डेरात, म्हणजे समुद्राने भरलेल्या ज्वालामुखीच्या विवरात, उभी राहते आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी किनारा गाठावा लागतो. सहलवाल्यांना आधी उतरवून अथिनिओस बंदरात नेतात, तिथे बस तयार असते. बाकीचे जुन्या बंदरात उतरतात. तिथून फिरा गाव दोनशेहून अधिक मीटर वर, कड्यावर. वर जायला केबल कार, ५८८ पायऱ्या किंवा गाढव, चौथी वाट नाही.

पायवाट
असहमत. सहलीत ओइया या गावात गाइडच्या झेंड्यामागे फिरण्यातच वेळ जातो. जुन्या बंदरातूनच ओइयाकडे बोटी सुटतात. तिकिटात वर ओइयात नेणारी बस आणि नंतर फिराला परत आणणारी बस धरलेली असते. सकाळची केबल कारची रांगच टळते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हा उन्हाळी उत्तरेचा वारा जोरात असला तर मात्र ही बोट रद्द होऊ शकते. मग वर फिराला जाऊन केटीईएल या सार्वजनिक सेवेची बस पकडा, साधारण अर्धा तास.

निळावंती
तुम्ही दोघंही जाण्याचंच बोलताय. खरी अडचण परतीची आहे! सहलींच्या बसही बहुधा शेवटी फिरातच सोडतात, हातात केबल कारचं तिकीट देतात, आणि पुढे रांग सगळ्यांना एकच. केबल कार तासाला मोजकीच माणसं नेते. हजारो जण एकदम आले की काही तास गेलेच. २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझप्रवाशांची मर्यादा आहे, तरी दुपारी गर्दी होतेच. शेवटच्या टेंडरच्या किमान दोन तास आधी रांगेत हवं. पायऱ्या उतरायला अर्धा तास पुरतो, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि वर लीद. पकड असलेले बूट घाला. गाढवावर कृपया बसू नका, त्या जनावरांचे फार हाल होतात.

सुकाणू
गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना त्या पायऱ्या कशा उतरवणार? शिवाय सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, आपण अडकलो तर निघून जातं. मग अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराची फेरीबोट पाच ते आठ तासांची, खर्च आपला. पुढचं बंदर तुर्कस्तानातलं कुशादासी असेल तर प्रश्न आणखी वाढतो. तसंही त्या मार्गावर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो, कारण तिथे आपण शेंगेनबाहेर पडतो.

पायवाट
ज्येष्ठ सोबत असतील तर तुमचं मान्य. अक्रोतिरीलाही सहलच बरी. राखेखाली गाडलं गेलेलं ते कांस्ययुगीन नगर बेटाच्या दक्षिण टोकाला, ओइया उत्तर टोकाला, आणि प्रत्येक बस फिरात बदलावी लागते. एका दिवसात बसने दोन्ही करायला जाऊ नका. फक्त ओइया आणि फिरा पाहायचं असेल तर सहलीचे पैसे वाया आहेत, हे मी अजूनही म्हणेन.